खाऱ्या पाण्यातलं बी

थळच्या आमच्या घराच्या पडवीत गेले काही दिवस सात बरण्या ओळीनं मांडून ठेवल्या आहेत. लोणच्याच्या नाहीत. किनाऱ्यावर जाऊन, समोर खांदेरी-उंदेरी बघत, कळशीत भरून आणलेलं समुद्राचं पाणी त्यांत आहे आणि प्रत्येक बरणीच्या तळाशी एकेका जातीचं बी. भात, वाल, पांढरा कांदा, मुळा, मिरची, वांगं आणि अळीव. सुट्टीवर आलेली माझी नऊ वर्षांची नात रोज सकाळी बरण्यांपुढे उकिडवी बसते आणि वहीत तारीख टाकते. यातलं एकही बी वाचणार नाही, अशी तिनं माझ्याशी पैज लावली आहे. सौ.चा या प्रकारात एवढाच सहभाग की, मुळ्याची बरणी तिनं वासापायी पडवीतून परसात हलवायला लावली.

हा उद्योग माझ्या डोक्यातून निघालेला नाही. १८५५ साली इंग्लंडमधल्या एका खेड्यात सेहेचाळीस वर्षांच्या एका प्रकृतीनं तोळामासा गृहस्थानं तो केला होता. त्याच्याही घरात मुलांनी पैजा लावल्या होत्या आणि मुळ्याच्या पाण्यानं त्याच्याही नाकाला असाच हात लावायला लावला होता. त्या गृहस्थाचं नाव चार्ल्स डार्विन. माणूस माकडापासून झाला असं सांगणारा, एवढीच आपली त्याच्याशी शाळेतली ओळख. माझीही बरीच वर्षं तेवढीच होती. बँकेच्या नोकरीत तालुक्यातल्या खारेपाटात माझ्या हातून एक चूक झाली, तिच्यामुळे मी फार उशिरा या माणसाच्या बरण्यांपाशी पोहोचलो. ती चूक कोणती, ते शेवटी सांगतो. आधी त्या माणसाबद्दल.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, श्रूजबरी या गावातला. वडील नावाजलेले, पैसेवाले डॉक्टर. आठ वर्षांचा असताना आई गेली. मुलगा शाळेत मागे आणि बंदूक, कुत्री, किडे यांत पुढे. हा घराण्याचं नाव घालवणार, अशी वडिलांना धास्ती. आपल्याकडे होतं तेच तिथे झालं. बापाचा धंदा मुलानं चालवावा म्हणून त्याला एडिंबरोला वैद्यकीला घातलं. तिथे भूल न देता एका लहान मुलावर चाललेली शस्त्रक्रिया त्यानं पाहिली आणि तो खोलीतून बाहेर पळाला. वैद्यकी तिथेच संपली. मग पाद्री व्हावं म्हणून केंब्रिज. तिथे त्यानं धर्मशास्त्रापेक्षा भुंगेरेच जास्त गोळा केले. पण हेन्स्लो नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक त्याला भेटले आणि त्यांच्याच शिफारशीनं ‘बीगल’ जहाजावर जाण्याचं आमंत्रण आलं. वडिलांनी साफ नकार दिला. शेवटी मामा मध्ये पडला, त्यानं मेव्हण्याची समजूत घातली आणि २७ डिसेंबर १८३१ ला बावीस वर्षांचा डार्विन बोटीवर चढला. मामा नसता तर जगाच्या ज्ञानाचं काय झालं असतं, हा विचार भाचेमंडळींनी जरूर करावा.

दोन वर्षांचा म्हणून आखलेला हा प्रवास जवळजवळ पाच वर्षं चालला. डार्विनला बोट लागायची, आणि ती शेवटपर्यंत लागत राहिली. दक्षिण अमेरिका, गालापागोस ही नावं पुस्तकांत येतात. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा मुक्काम वेगळाच आहे. हिंदुस्थानात तो कधी आला नाही, पण १८३६ च्या एप्रिलमध्ये हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर उतरला. प्रवाळाची ती ठेंगणी बेटं, वर नारळीची दाटी. थळच्या माणसाला परकं वाटू नये असंच दृश्य. तिथे मोजकीच झाडं-झुडपं होती आणि ती सगळी समुद्रानंच आणून टाकलेली दिसत होती. बी खाऱ्या पाण्यातून शेकडो मैल येतं, वाळूत पडतं आणि रुजतं, हे तिथे उघड दिसत होतं.

१८३६ च्या ऑक्टोबरात तो घरी परतला. पुढे लग्न करावं की करू नये, हा प्रश्न पडला तेव्हा त्यानं कागदावर दोन रकाने आखले, एकात फायदे, दुसऱ्यात तोटे. जमा-खर्च मांडून बेरीज लग्नाच्या बाजूनं निघाली आणि १८३९ च्या जानेवारीत मामाच्याच मुलीशी, एमाशी, लग्न झालं. आयुष्यभर लेजरं तपासलेल्या माझ्यासारख्याला हा माणूस इथूनच आपला वाटू लागला. १८४२ पासून तो लंडनजवळच्या डाउन गावात राहिला तो अखेरपर्यंत. घरखर्चाची पै न् पै तो लिहून ठेवी. गावातल्या गरिबांसाठी एक मंडळ होतं. सभासदांनी थोडे थोडे पैसे भरायचे आणि आजारपणात, मरणात त्यातून मदत मिळायची. त्या मंडळाचा खजिनदार हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ, तोही तब्बल तीस वर्षं. सभासदांचे हिशेब तो स्वतः बघत असे.

प्रकृतीनं मात्र त्याला कायम छळलं. उलट्या, धडधड, थकवा. दिवसातले मोजके तास काम, बाकी विश्रांती. दहा मुलं झाली, त्यांतली तीन लहानपणीच गेली. १८५१ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांची लाडकी ॲनी गेली, तेव्हा हा माणूस आतून मोडला. तिच्या उशाशी तोच बसला होता. एमा बाळंतपणाला टेकलेली असल्यामुळे तिला घरी थांबावं लागलं होतं. या घरात चार वर्षांनी बरण्या आल्या, हे मी मुद्दाम सांगतो. दुःखानंतर माणसं देवदेव करतात, कुणी दारू पितात. या माणसानं काम केलं आणि मुलांना त्यात ओढून घेतलं.

प्रश्न असा होता. दूरच्या बेटांवर झाडं आली कुठून? त्या काळी बहुतेकांचं उत्तर असं की, ती तिथेच निर्माण केली गेली. काहींनी समुद्रात बुडालेल्या जमिनीचे पूल कल्पिले होते. डार्विनला दोन्ही पटेना. बी तरंगत गेलं असेल, असं त्याला वाटे. पण समुद्राच्या पाण्यात बी जगतं तरी किती दिवस? गंमत म्हणजे हे कुणी मोजूनच पाहिलं नव्हतं. त्याचा जवळचा मित्र जोसेफ हूकर हा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ. हिमालय-सिक्कीम पायाखाली घातलेला, पुढे आपल्या देशाच्या वनस्पतींचा ग्रंथ करणारा. त्याचं मत पडलं की, बी आठवडाभरात मरेल. डार्विननं मीठ आणवून समुद्राचं पाणी तयार केलं, छोट्या बाटल्यांत बिया घातल्या, काही बाटल्या बाहेर सावलीत आणि काही बर्फाच्या टाकीत ठेवल्या. ठरावीक दिवसांनी थोडं थोडं बी काढायचं, मातीत घालायचं आणि वाट बघायची. रुजलेलं प्रत्येक बी म्हणजे हूकरचा पराभव, असं मुलांनी ठरवूनच टाकलं होतं.

निकाल असा लागला. ८७ जातींपैकी ६४ जातींचं बी २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही रुजलं. काही थोड्या जाती तर १३७ दिवसांनीही जिवंत होत्या, आणि त्यांत मिरचीचं बी सर्वांत चिवट ठरलं. आपल्या बाळंतिणीच्या लाडवातल्या अळिवाची गोष्ट आणखी मजेची. पाण्यात पडताच त्याला बुळबुळीत थर सुटतो, हे घराघरांत ठाऊक आहे. डार्विनही त्या थरानं चकित झाला. बेचाळीस दिवसांनंतरही ते अळीव झकास रुजलं. शेंगावर्गातलं बी मात्र बहुतेक टिकलं नाही. आमच्या पडवीतल्या वालाचा निकाल काय लागणार, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग डार्विनच्या लक्षात आलं की, आपलं बी जगतं खरं, पण तरंगत कुठे आहे? बहुतेक ताजं बी तळाशी बुडत होतं. बुडालेलं बी बेटावर जाणार कसं? इतकी मेहनत फुकट गेली, असं त्याला वाटलं. दुसरा कुणी असता तर पहिला निकाल छापून मोकळा झाला असता. डार्विननं चूक लपवली नाही, प्रयोग पुढे नेला. सुकलेल्या फांद्या, सुकलेली फळं पाण्यावर सोडली. ९४ सुकलेल्या झाडांपैकी १८ झाडं २८ दिवसांहून जास्त तरंगली. समुद्री प्रवाहांचे वेग नकाशावरून काढून त्यानं हिशेब मांडला. शंभरातल्या साधारण चौदा जातींचं बी ९०० मैलांवर जाऊन रुजू शकेल. पक्ष्याच्या पायाला चिकटलेला चिखल, पक्ष्याच्या पोटातलं बी, सगळं त्यानं तपासलं. तळ्याकाठचा चहाच्या पेल्यात मावेल एवढा चिखल खोलीत झाकून ठेवला, तर सहा महिन्यांत त्यातून ५३७ रोपं उगवली. एकेक उपटून त्यानं मोजली.

सगळं जग ज्या पुस्तकासाठी त्याला ओळखतं त्याची मूळ कल्पना त्याला तिशीच्या आतच सुचली होती. पण वीस वर्षं त्यानं ती दाबून ठेवली, पुरावा गोळा करत राहिला. १८५८ च्या जूनमध्ये वॉलेस नावाच्या तरुणाचं पत्र आलं आणि त्यात तीच कल्पना होती. त्याच महिन्यात घरातलं सर्वांत धाकटं मूल तापानं दगावलं. मित्रांनी दोघांचेही लेख १ जुलैला एकत्र वाचले. मुलाच्या दुःखात असलेला डार्विन त्या सभेला गेलाही नाही. पुस्तक आलं २४ नोव्हेंबर १८५९ ला. त्यात या खाऱ्या पाण्यातल्या बियांचा हिशेबही आहे. पुढचं वादळ सर्वांना माहीत आहे.

मला मात्र वादळानंतरचा म्हातारा डार्विन जास्त आवडतो. कीर्ती झाल्यावर माणसं सभांची अध्यक्षस्थानं भूषवतात. हा घरात बसून झाडांकडे बघत राहिला. वेल कशी चढते, पान रात्री का मिटतं, मूळ खालीच का जातं. सत्तरीला आला असताना त्यानं मुलगा फ्रान्सिस याच्यासह पक्ष्यांना घालतात त्या कॅनरी गवताचं बी रुजवलं. कोवळा कोंब उजेडाकडे वाकतो, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. डार्विननं विचारलं, कोंबाला उजेड दिसतो तो नेमका कुठे? त्यानं कोंबांच्या टोकांना कथलाच्या पातळ पत्र्याच्या इवल्या टोप्या घातल्या. टोपी घातलेले कोंब सरळच राहिले. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला, तरी कोंब वाकले. म्हणजे उजेड कळतो टोकाला आणि वाकतो खालचा भाग. टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो. हे पुस्तक १८८० साली निघालं. जर्मनीतल्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं, सॅक्सनं, मुळाच्या टोकासंबंधीचे प्रयोग हौशी माणसाचे म्हणून झिडकारले. प्रयोगशाळा नाही, यंत्रं नाहीत, खेड्यातल्या घरात कुंड्या मांडून कुठे विज्ञान होतं? पण काळानं निकाल त्या घरातल्या कुंड्यांच्या बाजूनं दिला.

१८८१ मध्ये त्यानं शेवटचं पुस्तक लिहिलं, ते गांडुळांवर. १९ एप्रिल १८८२ ला तो गेला. गावातल्या चर्चच्या आवारात पुरलं जावं, अशी त्याची अपेक्षा होती. राष्ट्रानं त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेत नेलं.

तो निरोप काय होता, हे कळायला आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेली. १९२६ साली हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट या तरुणानं ओटच्या कोंबाची टोकं कापून चिकट जेलीच्या तुकड्यावर ठेवली, टोकातला रस त्या तुकड्यात उतरवला आणि नुसत्या तुकड्यानं कोंब वाकवून दाखवला. तो रस म्हणजे ऑक्सिन, झाडांचं पहिलं ओळखलं गेलेलं संप्रेरक. माणसाच्या शरीरात ग्रंथींचे रस जसे निरोप नेतात, तसंच झाडांतही. त्याच वर्षी आशियाच्या दुसऱ्या टोकाला, तैवानमध्ये, कुरोसावा हे जपानी संशोधक भाताच्या एका रोगाचा माग काढत होते. रोप वेड्यासारखं उंच, किडकिडीत वाढायचं आणि कोसळायचं. एका बुरशीचा रस त्यामागे होता. पुढे याबुता यांनी त्या रसाला जिबरेलिन हे नाव दिलं. भात निरोगी असलं, तरी त्याच्या पोटात हाच रस मोजून-मापून असतोच, हे मागाहून उमगलं. १९६० च्या दशकात तिसरा रस हाती लागला, अॅबसिसिक आम्ल. बी झोपवतो तो हा.

आता भाताचा एक दाणा डोळ्यांपुढे आणा. आत इवलासा अंकुर आणि त्याच्यासाठी पिठाची शिदोरी. पाणी आत शिरलं की अंकुर जिबरेलिन सोडतो. ते पिठाभोवतालच्या थराला जाऊन उठवतं, तिथे पिठाची साखर करणारा रस तयार होतो आणि त्या साखरेवर मोड फुटतो. पण जमिनीत मीठ असलं तर दोन गोष्टी होतात. पाणी दाण्यात नीट शिरत नाही, कारण मीठ ते बाहेर धरून ठेवतं. शिवाय मिठाचा विखार असतोच. अशा वेळी दाण्यात झोपवणाऱ्या रसाचं पारडं जड होतं, उठवणाऱ्याचं हलकं. बी रुजत नाही. पण रुजत नाही म्हणजे मेलंच असं नव्हे. बऱ्याचदा ते थांबलेलं असतं.

हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. थळ-वायशेतला खत कारखाना नवाकोरा होता, आणि मी बँकेत नवा अधिकारी, पंचविशीतला. आमच्या शाखेकडे खारेपाटातली गावं होती. खारेपाट म्हणजे खाडीला बांध घालून समुद्राकडून हिसकावून घेतलेली भातजमीन. पिढ्यान्‌पिढ्या जोळ करून, म्हणजे घरटी माणूस देऊन, तो बांध लोकांनी राखला. १९४८ साली मुंबई सरकारनं त्यासाठी खार जमिनींचा कायदा केला, पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा कायदा आला. कायदे असले तरी उधाण विचारून येत नाही. त्या जूनमध्ये एका गावच्या बांधाला खांड गेली. धूळवाफेची पेरणी झालेली, पावसानं ओढ दिलेली आणि उधाणाचं पाणी शेतात. बी उगवलं नाही. कर्जाच्या पाहणीसाठी मी गेलो, मोकळी खाचरं बघितली आणि अहवालात लिहून टाकलं की, बियाणं निकृष्ट असल्यामुळे उगवण झाली नाही. ते घरचं बियाणं होतं. मी गेलो तोवर पाणी ओसरलेलं, वर चिखलाचा थर वाळलेला. कारणाच्या रकान्यात काहीतरी भरायला हवं होतं, ते मी भरलं. त्या एका ओळीमुळे दोष शेतकऱ्याच्या माथी आला आणि नव्या कर्जाला अडथळा झाला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या घरची म्हातारी बँकेत आली. कणगीत बी राखण्याचं काम तिचं. मी बियाण्याला नाव ठेवलं, हे तिला लागलं होतं. पदराखालून तिनं ओलं फडकं काढलं आणि माझ्या टेबलावर, कागदांवरच, उघडलं. आत मोड आलेलं भात होतं. ते कणगीतलं नव्हतं. खाऱ्या चिखलातून तिनं न उगवलेले दाणे वेचले होते, विहिरीच्या गोड्या पाण्यानं धुतले होते आणि फडक्यात बांधून चुलीपाशी ठेवले होते. निम्म्याहून अधिक दाण्यांना पांढरेशुभ्र मोड होते. ती भांडली नाही. मला साहेब म्हणत होती आणि एवढंच सांगत होती की, बी चांगलं आहे, जमीन खारी झाली आहे, तेवढं कागदावर दुरुस्त करावं. मी वरिष्ठांकडे बघितलं. अहवाल पुढे गेलेला होता. दुरुस्ती झाली नाही. सोसायटीकडून बी घेऊन त्यांनी उशिरा पेरलं, असं मागाहून ऐकलं. माझी पुढे बदली झाली.

त्या बाईनं जे केलं, ते अक्षर न् अक्षर डार्विनचा प्रयोग होता. मिठातून काढा, गोडं पाणी द्या आणि मग बियाला विचारा. हे मला निवृत्तीनंतर त्याचं चरित्र वाचताना एके दुपारी लक्षात आलं आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ तसाच बसलो.

खारेपाटाला हे ज्ञान जुनंच आहे. पहिल्या पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन नेईपर्यंत थांबायचं, तोवर घरात बियाला मोड आणायचे आणि मग ते मोडाचं बी चिखलात फेकून पेरायचं. याला रहू म्हणतात. जागं होण्याचा अवघड टप्पा बी घरातल्या गोड्या पाण्यात पार पाडतं. पण मोड आला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. रुजताना भात बराच खारेपणा सोसतो, त्याची खरी परीक्षा दोन-तीन पानांचं कोवळं रोप असताना असते. समुद्राच्या पाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा खारेपणाही त्याला तेव्हा जड जातो. म्हणून काळा रातासारख्या जुन्या जाती लोकांनी जपल्या आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती दिल्या. आता जिबरेलिनच्या पातळ द्रावणात बी भिजवून पेरण्याचे प्रयोग ठिकठिकाणी होतात. त्यानं बी लवकर जागं होतं, पण जमिनीतलं मीठ काही कमी होत नाही. बांध फुटला तर रसायन काय करणार?

पडवीचा निकाल सांगतो. दहाव्या दिवशी आम्ही प्रत्येक बरणीतलं थोडं बी काढलं, विहिरीच्या पाण्यानं धुतलं आणि फडक्यांत बांधलं. वाल फुगून कुजले होते. कांद्याचं अजून कळत नाही. अळिवाला तिसऱ्या दिवशी मोड आले आणि नातीचा चेहरा पडला. भाताला पाचव्या दिवशी आले. वीस दाण्यांपैकी अकरा. तिनं दोनदा मोजून वहीत लिहिलं आणि पैज हरल्याचंही खाली लिहिलं. मी न सांगता.

माझा तो अहवाल केव्हाच रद्दीत गेला असेल. ती म्हातारीही आता नसणार. तरी एक दुरुस्ती राहून गेली आहे, ती इथे करतो. त्या वर्षीचं त्या घरचं बियाणं निकृष्ट नव्हतं. जमिनीत मीठ आलं होतं. बी चांगलं होतं.